कागदोपत्री परदेश (भाग ६) : नायगाराच्या पलीकडच्या काठावर

अमेरिकेत लेकीकडे किंवा मुलाकडे गेलेल्या आई-बाबांच्या यादीत नायगारा असतोच. तिथे पोहोचल्यावर कुणीतरी सांगतंच, की खरा देखावा कॅनडाच्या बाजूनं दिसतो. यात खोटं काही नाही. घोड्याच्या नालासारखा वळलेला तो मोठा धबधबा समोरून बघायचा तर काठ कॅनडाचाच लागतो. मध्ये १९४१ साली खुला झालेला रेनबो पूल, तोही पायी ओलांडता येण्याजोगा. मग ‘एवढं आलोच आहोत तर टोरोंटोही करू’ असा बेत गाडीतच ठरतो. हा बेत गाडीत ठरवण्यासारखा कधीच नव्हता. २०२४-२५ मध्ये नियम ज्या वेगानं बदलले, ते पाहता आता तर मुळीच नाही.

त्या गाडीत कोण कोण बसलंय ते बघा. आई-बाबा बी-२ या पर्यटक व्हिसावर. लेक-जावई एच-१बी आणि एच-४ वर. नातू अमेरिकेत जन्मलेला, म्हणजे निळा अमेरिकी पासपोर्ट. सोबत न्यू जर्सीचे काका, ग्रीन कार्डवाले. एकाच गाडीला चार वेगळे नियम लागतात, आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर मिळणारा ‘आम्हाला काही विचारलं नाही हो’ हा सल्ला नेमका कुणाला लागू आहे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

जाण्याचा भाग त्यातल्या त्यात सोपा आहे. नातवाला अडचण नाही. काकांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही. एप्रिल २०२२ पासून ग्रीन कार्डवाल्यांना ईटीए नावाची ऑनलाइन परवानगीही लागत नाही. मात्र ग्रीन कार्डाबरोबर चालू पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि तो घरी कपाटात ठेवून निघणारे काका प्रत्येक घरात एक तरी असतात. उरलेल्या चौघांना भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा हवाच, अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी. अर्जाचे १०० कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटो यांचे ८५ वेगळे. ठसे अमेरिकेतल्या केंद्रावर देता येतात आणि ते दहा वर्षं चालतात. पूर्वी बहुतेकांना अनेकदा ये-जा करता येईल असा लांब मुदतीचा व्हिसा सहज मिळून जायचा. नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडानं ती सरसकट पद्धत बंद केली. आता किती मुदतीचा आणि किती प्रवेशांचा व्हिसा द्यायचा ते अधिकारी ठरवतो. तेव्हा मागच्या सहलीचा व्हिसा अजून चालू असेल असं गृहीत धरू नका, स्टिकरवरची तारीख वाचा.

लोक इथवरचं सगळं तपासतात. घोटाळा होतो तो परतीच्या वाटेवर, कारण पुलावरून परत येणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं अमेरिकेत नव्यानं प्रवेश मागणं.

गेल्या आठवड्यात आय-९४ बद्दल लिहिलं होतं. पासपोर्टवरचा व्हिसा दारापर्यंत येऊ देतो. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ वर लिहिलेलं असतं. नोकरीवाल्या लेक-जावयाचा बहुधा व्हिसाचा शिक्का संपलेला असतो, पण एच-१बी ची मुदत अमेरिकेतच वाढवून घेतलेली असते आणि आय-७९७ या मंजुरीपत्राच्या तळाशी नवं आय-९४ असतं. अमेरिकेत राहायला, काम करायला तेवढं पुरतं. बाहेर पडून परत यायला एरवी नवा शिक्का लागतो. मात्र कॅनडा आणि मेक्सिको या शेजाऱ्यांसाठी एक जुनी सवलत आहे, ऑटोमॅटिक व्हिसा रिव्हॅलिडेशन. सहल तीस दिवसांच्या आतली हवी, आय-९४ चालू हवं, आणि या दोन देशांपलीकडे कुठे जायचं नाही. एवढं सांभाळलं तर संपलेल्या शिक्क्यावर परत येता येतं. विमानानं परतणार असाल तर नियमाची छापील प्रत आणि आय-७९७ जवळ ठेवा. सीमेवरच्या अधिकाऱ्याला नियम माहीत असतो, विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलाला तो असेलच असं नाही.

या सवलतीत एक खाच आहे. कॅनडात असताना तुम्ही अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज केलात, तर सवलत गेली. व्हिसा हाती पडेपर्यंत परत येता येत नाही. हे कलम २००२ पासून आहे, तरी कित्येक वर्षं लोक टोरोंटोच्या सहलीतच स्टॅम्पिंग उरकून घ्यायचे आणि बहुतेकांचं निभावून जायचं. ६ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं सांगितलं, की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करायचा. त्यामुळे भारतीयासाठी टोरोंटोचा मार्ग जवळजवळ बंद झाला. आज तिथे अर्ज करून अडकलात तर पुढचं विमान मुंबईचं. तिथेही सुख नाही. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमं तपासायला सुरुवात झाली आणि भारतातल्या अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: शिक्का संपला असेल तर कॅनडात फक्त धबधबा बघा, वकिलातीच्या दिशेनं जाऊ नका.

आणि सहल चालू असतानाच नियम बदलला तर? तेही घडून गेलंय. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. नव्या एच-१बी वर एक लाख डॉलरच्या शुल्काचा आदेश निघाला, लागू रविवारपासून. इकडे सर्वपित्रीची तयारी चाललेली, तिकडे कंपन्यांचे निरोप: बाहेर असाल तर चोवीस तासांत परत या. विमानात बसलेली माणसं खाली उतरली. शनिवारी सरकारनं खुलासा केला, की हे शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, आधीच्या व्हिसाधारकांना नाही. तोवर अनेकांनी महागडी तिकिटं काढली होती. अशा वेळी बातमीच्या मथळ्यापेक्षा आदेशातली ‘कुणाला लागू’ ही ओळ आधी शोधावी, आणि कंपनीच्या वकिलाचा नंबर फोनमध्ये असावा.

आई-बाबांचं काय? त्यांचा व्हिसा सहसा चालू असतो, म्हणून परतीची भीती कमी. पण एक गैरसमज फार पसरलाय: कॅनडाला जाऊन आलं की राहायला नवे सहा महिने मिळतात. तसं धरून चालू नका. छोट्या सहलीनंतर अधिकारी आधीचीच मुदत कायम ठेवू शकतो, आणि हे मुदत वाढवण्यासाठी चाललंय असं त्याला वाटलं तर प्रश्नांची सरबत्ती होते. सीमेवर रस्त्यानं येताना नवं आय-९४ काढावं लागलं तर सप्टेंबर २०२५ अखेरपासून त्याचं शुल्क सहाऐवजी तीस डॉलर आहे.

घरी पोहोचल्यावर सगळ्यांचं आय-९४ ऑनलाइन उघडून बघा. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल तर आय-९४ ची तारीखही तिथेच कापलेली असू शकते. मग मंजुरीपत्रावर तीन वर्षं असली तरी एच-१बी वाल्याची कायदेशीर मुदत त्या छोट्या तारखेलाच संपते, आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

मेक्सिकोचं गणित वेगळं आहे. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयाला मेक्सिकोचा व्हिसा लागत नाही, पण तो संपला असेल तर लागतो. म्हणजे कॅनकुनला जाताना परतीची सवलत हाती असूनही विमानात बसता येत नाही, असं होऊ शकतं. त्याबद्दल पुढच्या रविवारी.