उघड्या जीपचा भाव

मालकाने साडेचार लाख सांगितले आणि मग ताडपत्री ओढली. चंद्रपूर जिल्ह्यात मूलहून सिंदेवाहीकडे जाताना रस्त्यालगत धानाच्या बांध्या लागतात, त्यातल्याच एका शेतातल्या गोठ्यात ती जीप उभी होती. एका अंगाला तणसाचा ढीग, दुसऱ्या अंगाला खताची पोती. बॉनेटवर कोंबडीने संसार मांडलेला. "भाऊ, आधी पाहून घ्या, मंग बोला," मालक म्हणाला. आकडा आधी आणि गाडी नंतर, हा जुन्या गाड्यांच्या बाजारातला रिवाज त्याला बरोबर ठाऊक होता. आकडा कानात बसला की डोळे त्याच आकड्याच्या मापाने पाहू लागतात.

टप उघडणारी गाडी म्हटलं की मुंबईच्या समुद्रकाठी संध्याकाळी फिरणारी एखादी लांबलचक विलायती मोटार डोळ्यांपुढे येते. चंद्रपूर-गडचिरोलीत छत नसलेली गाडी म्हणजे जीप, आणि तिचं छत काढण्यामागे हौस फारशी नसते. बांबू लांब असतो, बसणारी माणसं जास्त असतात, नाल्यात गाडी अडकली तर पटकन उडी मारता यायला हवी. १९८२ साली चंद्रपूरचे दोन जिल्हे झाले, पण आलापल्ली, सिरोंचा, भामरागडचं अंतर त्यामुळे कमी झालं नाही. १९७३ साली बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा तिथवर धड रस्ता नव्हता, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटत आलं आहे. अशा मुलखात वनखात्याच्या, ठेकेदाराच्या, दवाखान्याच्या दारात जी गाडी उभी असायची, तिला कुणी 'क्लासिक' म्हटलं असतं तर लोक हसले असते.

म्हणूनच आज तिच्यावर साडेचार लाखांची चिठ्ठी पाहिली की आधी विचारावंसं वाटतं, की हे पैसे नेमके कशाचे?

गोष्ट सुरू होते लढाईपासून. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना बनवला, पण मोठं उत्पादन विलीज आणि फोर्डने केलं. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बाहेर पडल्या होत्या. त्यातल्या ज्या ब्रह्मदेश आघाडीसाठी इकडे आल्या, त्यांतल्या कित्येक परत गेल्याच नाहीत; लिलावात निघाल्या. त्याच सुमारास, २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियान्यात महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले, आणि इथे पाटी बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झाली. याच कंपनीने मुंबईत विलीजचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. विकत घेणाऱ्यांत सरकार सगळ्यात पुढे.

आपल्याकडच्या मेकॅनिकांनी या सगळ्या वंशावळीची दोनच नावं ठेवली आहेत: लो बॉनेट आणि हाय बॉनेट. लढाईतली जीप आणि तिच्या पाठच्या भावंडांचं बॉनेट बसकं. १९५३ मध्ये आलेल्या सीजे-थ्री-बीचं उंच, कारण तिच्या हरिकेन इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह बाजूला नसून डोक्यावर गेले. इंजिन उंच झालं, ते झाकायला बॉनेट उंच झालं. दिसायला जरा बोजड, पण ताकद वाढली. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद पडली. महिंद्राने पुढेही बरीच वर्षं चालवली. गोठ्यातली जीप हीच, हाय बॉनेट. कागदावर १९७३.

मालक मात्र सांगत होता, "ही लढाईतली आहे, भाऊ. मिलिटरी." हिरवा रंग होता, दारावर नव्हे (दारं नाहीतच), बॉनेटवर पांढरा तारा रंगवला होता. हा तारा रंगवायला एक डबा पुरतो. लढाईतली जीप ओळखायची तर समोरची जाळी मोजावी: तिला नऊ उभ्या फटी, नागरी जीपला सात. लढाईतलीचे दिवे जाळीच्या आत बसलेले, नागरीचे मोठे आणि बाहेर आलेले. लढाईतलीला मागे फळका नाही, तिथे स्टेपनी टांगलेली. नागरीला मागचा फळका खाली पडतो. मी फटी मोजल्या. सात. हे मालकाला सांगून काही मिळवायचं नव्हतं. फक्त साडेचार लाखांतले ताऱ्याचे पैसे मनातल्या मनात वजा केले.

मग आडवं झालो. जुनी जीप बघायची तर कपडे मळलेच पाहिजेत. वरची टिन म्हणजे काही नाही, ती कुठलाही डेंटर नवी करून देतो. जीपचा जीव चासीत. दोन लांब पोकळ पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. त्या पोकळीत वर्षानुवर्षं मुरूम आणि चिखल जाऊन बसतो, पावसाळ्यात ओल धरतो, आणि पोलाद आतून खातो. बाहेरून काळा रंग मारला की गंज दिसत नाही. छोटी हातोडी घेऊन ठोकत जायचं. टणटणीत आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर आत माती किंवा पोकळी. पाटे जिथे अडकवलेले असतात त्या कोपऱ्यांत आणि स्टेअरिंग बॉक्स जिथे बसवलेला असतो तिथे तडे शोधायचे. वेल्डिंग असणं हा दोष नव्हे. जंगलात चाळीस-पन्नास वर्षं राबलेल्या जीपला वेल्डिंग नसेल तर उलट संशय घ्यावा. पण पट्टीवर पट्टी चढवलेली दिसली तर समजावं की मूळ चासी आता नावापुरती आहे. इथे उजव्या बाजूला एक पट्टी होती, नीट केलेली. नंबर खोदलेली जागा शाबूत होती आणि नंबर कागदाशी जुळत होता. यात मालकाची अर्धी बाजू खरी ठरली.

पुढच्या चाकांकडे गेलो. शहरातला माणूस इथेच फसतो. फोर बाय फोरचा दांडा आत आहे म्हणून गाडी फोर बाय फोर आहे असं होत नाही. डिझेल वाचावं म्हणून किंवा मोडलेला भाग मिळाला नाही म्हणून पुढची प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवलेल्या जीपा कितीतरी. ही होती शाबूत. मग जॅक लावून चाक वर-खाली हलवून किंगपिन पाहिली, थोडा खुळखुळाट होता, दुरुस्त होण्याजोगा. स्टेअरिंग मोकळं फिरत होतं, चाक हलण्याआधी चांगलं चार बोटं. जीपांचं हे दुखणं इतकं नेहमीचं की जुने ड्रायव्हर ते दुखणं मानतच नाहीत.

खरी बातमी मागच्या डिफरन्शियलने दिली. प्लग सैल केला तर बाहेर आलं ते तेल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं. नाल्यातून जाताना पाणी आत शिरलं होतं, तेलात घुसळलं होतं आणि कुणी ते कधी बदललं नव्हतं. त्या तेलात दात किती दिवस फिरले आणि किती झिजले, हे उघडल्याशिवाय कळत नाही. मालकाने ते पाहिलं आणि मान फिरवली.

इंजिन हा या जीपचा सगळ्यात बोलका भाग, कारण ते तिचं नव्हतंच. पेट्रोल महाग होत गेलं तशी देशभर जीपांची मूळ इंजिनं काढून डिझेल बसवली गेली. कुणी मेटाडोरचं, कुणी प्यूजोचं. हे प्यूजो महिंद्रानेच १९८५ मध्ये एमएम ५४० जीपमध्ये आणलं होतं. त्याचं नाव एक्सडीपी ४.९०: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण २११२ सीसी. आवाज मोठा, पण धीराचं. जंगलात या बदलाला पैशापलीकडचंही कारण आहे. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, आणि नाल्यातलं पाणी डिस्ट्रिब्युटरवर उडालं की ठिणगी मरते. डिझेलला ठिणगीच लागत नाही. मूळ इंजिन काढलं नसतं तर ही जीप बहुधा १९९० च्या आधीच भंगारात गेली असती. हिटर देऊन चावी फिरवली, दुसऱ्या दमात सुरू झाली. तेल भरायचं झाकण उघडलं तर तिथून धूर भकाभका येत नव्हता, झुळझुळ येत होता. एअर क्लीनर मात्र उघडून पाहिला तर तळाशी तेल कमी आणि मुरमाचा गाळ जास्त.

आता पेच असा. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात असलेली, मोठे फेरफार न झालेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, दहा वर्षांची मुदत. पण ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही. १९७३ ची ही जीप वयाने बसते, इंजिनामुळे बसत नाही. ज्या बदलाने ती जगली, त्याच बदलाने तिचं विंटेजपण गेलं. आणि ज्याने मूळ हरिकेन जपलं, त्याची जीप शेतावर नेण्याऐवजी गॅरेजात उभी. साडेचार लाख मागणारा मनात धरून असतो विंटेजचा भाव, आणि विकत असतो कामाची गाडी. मला हरकत कामाच्या गाडीला नाही, आकड्याला आहे.

साध्या नोंदणीवर ठेवायची तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून चारचाकीसाठी ६०० वरून ५,००० झालं, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढलं. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. पण पैशापेक्षा मोठा प्रश्न कागदावरच्या ओळीचा. आरसी बुकात इंधन 'पेट्रोल' असेल आणि खाली डिझेल धडधडत असेल, तर तपासणीला गाडी कशी उभी करणार? कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून गाडी दूर नेता येत नाही, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं आहे. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि नोंद हवी. मालकाने प्लास्टिकच्या पिशवीतून पुस्तक काढलं. इंधन: पेट्रोल.

"तेवढं होऊन जाते, भाऊ," तो म्हणाला. होतंही असेल. पण त्या 'होऊन जाते'चे पैसे मी देणार होतो.

पूर्वी जीप मिळवायचा आणखी एक रस्ता होता: सरकारी खात्याचं निर्लेखन. जुनं वाहन पुस्तकातून कमी करायचं आणि लिलावात काढायचं. जंगल पाहिलेल्या कितीतरी गाड्या अशाच शेतांवर आल्या. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी वाहनाची नोंदणीच पुढे चालत नाही. ते भंगार केंद्रात जातं. म्हणजे नवा माल बंद. आहेत त्याच जीपा हातोहाती फिरणार, आणि प्रत्येक हात आकडा थोडा चढवणार.

या जिल्ह्यात उघड्या गाडीचा खरा रोखठोक भाव मात्र जीपवर ठरतच नाही. तो ठरतो ताडोब्याच्या जंगलात शिरणाऱ्या मोहर्ली आणि कोलाऱ्याच्या गेटवर, जिप्सीवर. मारुतीने जिप्सी १९८५ च्या अखेरीस आणली, ९७० सीसीची. पुढे १२९८ सीसीची झाली. चारही बाजूंना पाटे, हलकी, पेट्रोलची म्हणून आवाज कमी, आणि सांबराला बिचकवत नाही. २०१९ मध्ये नवे सुरक्षा नियम आले तेव्हा सर्वसामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. ताडोब्याची सफारी तर बंद झाली नाही. मागे पायऱ्यांसारखी चढती आसनं, सहा पर्यटक, एक गाइड, एक चालक. दिल्लीकडे जुन्या गाड्यांवर बंधनं आली तशा तिकडच्या जिप्स्या एनओसी घेऊन बाहेर पडू लागल्या. गेटवर जिप्सी चालवणाऱ्याला विचारा की जुन्या जिप्सीला इतके पैसे का दिले. तो तिच्या दिसण्याबद्दल बोलणार नाही. मंगळवारी सुट्टी, जुलै ते सप्टेंबर कोअर बंद, उरलेल्या दिवसांत सकाळ-दुपार किती फेऱ्या, त्यातून हप्ता किती, टायर किती, हे बोटांवर सांगेल. माझ्या मते अख्ख्या चंद्रपुरात टप नसलेल्या गाडीचं मोल नीट कळलेला माणूस तोच.

गोठ्यातल्या जीपला असा हिशेब नव्हता. तिच्याकडून मला मिळणार होतं शेतावर जाणं, कधीतरी झरीच्या रस्त्याला थंडीत काच बॉनेटवर पाडून वारा खाणं, आणि वर्षातून दोनदा मेकॅनिकच्या दारात बसणं. मी बेरीज केली: चासी चांगली, पुढचा ॲक्सल जागचा, इंजिन बरं. मग वजाबाकी: डिफरन्शियल उघडावा लागणार, स्टेअरिंग, टायर, कॅनव्हासचा हूड नाहीच, फक्त कमानी, आणि कागदाचं अनिश्चित काम. दोन लाख साठ हजार म्हणालो.

मालक रागावला नाही. कोंबडीला हुसकलं, ताडपत्री परत ओढली, कोपरा दगडाखाली दाबला.

"परवा एक जण आला होता," तो सहज म्हणाला. "गाडी नको म्हणाला. फक्त कागद विकता का, म्हणे."