यो-योचे गुण कुणी पाहायचे?

विरारच्या पृथ्वी शॉने 2013 साली हॅरिस ढालीच्या शालेय सामन्यात 546 धावा काढल्या आणि तो आकडा घरोघरी पोचला. 2022 च्या मार्चमध्ये त्याचा दुसरा एक आकडा असाच घरोघरी पोचला, पण तो काही त्याने सांगितलेला नव्हता. आयपीएलपूर्वी बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत झालेल्या 'यो-यो' चाचणीत त्याला 15 पेक्षाही कमी गुण पडल्याची बातमी फुटली. हवे होते 16.5.

ही चाचणी डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स बांग्सबो यांची. वीस मीटरवर दोन खुणा. 'बीप' वाजला की पळत जायचे, वळून परत यायचे, दहा सेकंद दम खायचा, पुन्हा पळायचे. वेग वाढतच जातो आणि दोनदा उशीर झाला की संपले! वाचायला सोपे वाटते. आयपीएलच्या एकाच मोसमात 602 धावा काढणारा अंबाती रायुडू 2018 मध्ये इथेच अडला आणि इंग्लंड दौऱ्याच्या एकदिवसीय संघातली त्याची जागा गेली.

शॉ तर लागोपाठ तीन रणजी सामने खेळून आला होता. दमलेल्या शरीराचे गुण घसरणारच, पण एवढे सगळे मथळ्यात कुठे मावते? आपली परिस्थिती ठाऊक नसताना निवाडा करू नका, एवढेच त्याने इन्स्टाग्रामवर लिहिले. मंडळाशी करारबद्ध नसल्याने त्याला आयपीएल खेळता आली, हे नशीब. दहावीचे गुण शेजारी कळले की घरात काय होते, ते वाचकांना सांगायला नकोच.

खेळाडूंना यंत्राचे वावडे आहे, असे मुळीच नाही. दोन खांद्यांच्या मधे छोटेसे यंत्र बसवलेली घट्ट बंडी ते सरावात घालतात. किती धावलो, किती वेगाने, सारे कळते. वेगवान गोलंदाजावरचा ताण वेळीच लक्षात आला, तर त्याची पाठ वाचू शकते.

अडचण पुढे आहे. 1 जानेवारी 2023 रोजी मुंबईच्या बैठकीत मंडळाने यो-यो आणि शरीरातली चरबी, हाडे मोजणारी 'डेक्सा' तपासणी निवडीच्या निकषांत घातली. म्हणजे उपचारासाठी घेतलेले माप निवडीच्या टेबलावरही आले. मग मांडी दुखत असल्याचे सांगताना एखादा मुलगा दहादा विचार करील, तर त्याला दोष कसा द्यावा?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विराट कोहलीने स्वतःचे 17.2 गुण हौसेने जाहीर केले. त्यावर, असली माहिती गोपनीय असते, ती जाहीर करू नका, अशी समज मंडळाने खेळाडूंना दिल्याच्या बातम्या आल्या.