धोत्र्याचा पाहुणा

शंकराला वाहतात ते धोत्र्याचे फूल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. या धोत्र्याचा एक भाऊबंद अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, सोनोरा वाळवंटाच्या खुरट्या झुडपांच्या माळावर वाढतो. तो आणि त्याच्याकडे रात्री येणारा एक पतंग यांच्याविषयी आज आम्ही थोडे सांगणार आहोत. कारण मित्र कोणाला म्हणावे आणि शत्रू कोणाला, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

हा पतंग ‘हॉक मॉथ’ कुळातला. शास्त्रीय नाव मँड्युका सेक्स्टा. पंख पसरले म्हणजे तो सुमारे १० सेंटिमीटर भरतो. फुलापुढे हवेत जागच्या जागी तरंगत तो आपली लांब सोंड आत घालतो. या धोत्र्याचे पांढरे फूल तिन्हीसांजेला उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की कोमेजते. म्हणजे भेटीला रात्र एकच! फुलाचा पांढरा रंग व सुवास पतंगाला वाट दाखवतात. इतकेच नव्हे, तर नुकत्याच उमललेल्या फुलातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायूही त्याला जाणवतो, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

मधासाठी हिंडताना पतंग एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतो. येथवर सारे गोड आहे. परंतु मादी त्याच झाडाच्या पानांवर अंडीही घालते. त्यातून हिरवी अळी निघते. तिच्या शेपटाकडे शिंग आणि दोन्ही कुशींवर सात-सात तिरके पांढरे पट्टे असतात. धोत्र्याचे विष तिला बाधत नाही. तीनेक आठवड्यांत ती बोटाएवढी होते आणि कधी कधी झाडाला पान ठेवत नाही. झाड मात्र जमिनीखालच्या जाड मुळातून पुन्हा फुटते. अळी मातीत शिरून कोश करते आणि त्यातून पुढे पतंग बाहेर येतो.

तंबाखूचा किंवा टोमॅटोचा शेतकरी या अळीला कीड म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेच आहे. पण माळावरच्या धोत्र्याला अळी नको आणि पतंग हवा, अशी निवड करता येत नाही. आपल्याकडे तिळाच्या पानांवर शिंगाची जी अळी दिसते, तीही याच कुळातली. पीक राखणे आपले कर्तव्यच आहे. मात्र बांधापलीकडच्या रानातही औषध मारण्यापूर्वी तेथे रात्री कोण येतो, हे एकदा पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.