घर हीच पहिली ख्रिस्तसभा : टाळेबंदीचा काळ, आपली लहान मुले आणि आजचे दायित्व

२४ मार्च २०२० रोजी रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २५ मार्चपासून, ती अमलात आली. त्या धावपळीत फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल की २५ मार्च हा ख्रिस्तसभेच्या पंचांगात देवदूताने पवित्र मरियेला दिलेल्या निरोपाचा सण आहे. तारणाच्या इतिहासातील ही महान घटना यरुशलेमच्या मंदिरात घडली नाही, तर नाझरेथसारख्या लहानशा गावात, एका साध्या मुलीच्या आयुष्यात घडली. ज्या दिवशी आपणा सर्वांना घराची दारे लावून घ्यावी लागली, त्याच दिवशी ख्रिस्तसभा आपणास सांगत होती की देव घरी येतो. या योगायोगाचा अर्थ आज, इतक्या वर्षांनंतर, शांतपणे समजून घेणे आम्हांस आवश्यक वाटते. कारण त्या काळात जी बालके मांडीवर होती ती आता शाळेत जात आहेत, आणि जी तीन-चार वर्षांची होती त्यांपैकी अनेकांनी प्रथम ख्रिस्तप्रसाद स्वीकारला आहे अथवा ती त्याची तयारी करीत आहेत. त्यांच्या श्रद्धेचा पाया कोणत्या मातीत घातला गेला, हे पाहणे हे आपले कर्तव्य आहे.

टाळेबंदीपूर्वीचे आपले घर

आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत वसईच्या वाड्यांमध्ये तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली की घरातील कामे थांबत. देवदूताच्या निरोपाची प्रार्थना होई आणि दिवेलागणीनंतर सारे घर जपमाळेसाठी वेदीसमोर बसे. बालकाला धर्मशिक्षण देण्यासाठी कोणी वेगळा वेळ काढीत नसे. आजीच्या मांडीवर पेंगता पेंगता ते ‘नमो मरिया’ शिकत असे. क्रुसाची खूण करण्यासाठी त्याचा हात धरणारा हात घरातलाच असे. सारेच काही आदर्श होते असे मुळीच नाही. गरिबी होती, धाकदपटशा होता, स्त्रियांच्या वाट्याला अपार कष्ट होते. परंतु प्रार्थनेला दिवसात एक ठरलेली जागा होती, आणि ती जागा मुलांना ठाऊक होती.

पुढे दिवस पालटले. शेती-बागायतीबरोबरच मुंबईची नोकरी आली. पहाटेची लोकल गाठण्यासाठी निघालेला बाप मुले झोपेत असताना घर सोडू लागला आणि ती झोपल्यावर परतू लागला. अनेक घरांत आईही नोकरीस जाऊ लागली. वाडीतल्या मोठ्या घराच्या जागी इमारतीतील दोन खोल्या आल्या, आजी-आजोबा गावात राहिले आणि मूल पाळणाघरात अथवा शेजारणीकडे वाढू लागले. दूरदर्शन संच आला, शिकवण्या आल्या, मोबाईल आला. जपमाळ प्रथम रोजची होती, मग शनिवारची झाली आणि पुढे मे व ऑक्टोबर महिन्यांपुरती उरली. मुलांच्या धर्मशिक्षणाची सारी जबाबदारी आपण रविवारच्या तासावर आणि शिक्षक-भगिनींवर सोपवली. हे कोणी दुष्टपणाने केले नाही. पोटासाठी करावी लागलेली ती तडजोड होती. परंतु तिची किंमत मुलांनी मोजली, हे नाकारता येणार नाही.

बंद दारांआडचे दिवस

टाळेबंदीने हे सारे चक्र एका रात्रीत थांबवले. लोकल बंद झाल्या. सर्वसामान्य प्रवाशांसाठी त्या १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तेही ठरावीक वेळांतच, खुल्या झाल्या. चर्चची दारेही भाविकांसाठी बंद झाली. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि अखेर ७ ऑक्टोबर २०२१ रोजी खुली झाली. लहान मुलांच्या शाळांना तर आणखी विलंब लागला. पहिलीपासूनचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडू लागले आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही काळ बंद झाले. मोठ्या माणसाच्या आयुष्यात दोन वर्षे हा लहान काळ आहे. चार वर्षांच्या मुलासाठी मात्र ते अर्धे आयुष्य असते.

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, निर्मनुष्य अशा संत पेत्राच्या चौकात एकटे उभे राहिले. संत मार्कच्या शुभवर्तमानातील वादळाचा प्रसंग (४:३५-४१) त्यांनी चिंतनासाठी घेतला होता. आपण सारे एकाच तारवात आहोत, कोणीही एकट्याने तरून जाऊ शकत नाही, हा त्या चिंतनाचा आशय होता. त्यानंतर त्यांनी पवित्र साक्रामेंताने साऱ्या जगाला आशीर्वाद दिला. आपल्या कितीतरी घरांत आई-वडील आणि मुले मोबाईलच्या छोट्या पडद्यासमोर गुडघे टेकून तो आशीर्वाद घेत होती. ५ एप्रिल रोजी झावळ्यांचा रविवार आला तेव्हा चर्चमध्ये मिरवणूक नव्हती. अनेकांनी अंगणातील माडाच्या झावळीचा तुकडा दारावर लावला. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण घरातील वेदीवर मेणबत्ती लावून साजरा झाला. २५ एप्रिल रोजी पोप महोदयांनी सर्व भाविकांना पत्र लिहून मे महिन्यात घरीच जपमाळेची प्रार्थना करण्याचे आवाहन केले. ज्या घरांत जपमाळ पेटीत जाऊन पडली होती, तेथे ती पुन्हा हातात आली.

या काळात काही घरांना खरोखर मोठे दान मिळाले. आपले मूल दुपारी कसे दिसते, ते कशाला घाबरते, कोणते प्रश्न विचारते, हे कित्येक पित्यांनी प्रथमच पाहिले. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संत योसेफ यांचे वर्ष घोषित केले, तेव्हा मुलाजवळ निमूटपणे काम करणाऱ्या त्या पित्याचे चित्र आपल्याला परके वाटले नाही.

परंतु दुसरी बाजू लपवणे हा सत्याचा अपलाप ठरेल. अनेक घरांतील मिळकत थांबली. दादरचा बाजार बंद झाल्याने फुले झाडावरच सुकली, मासळीची विक्री खुंटली, रोजंदारीवरचे हात रिकामे झाले. दोन खोल्यांत सहा माणसे दिवसभर कोंडली गेली, तेथे चिडचिड झाली, काही ठिकाणी हातही उगारले गेले आणि लहान मुलांनी ते पाहिले. घरून नोकरी, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा आणि मुलांचा ऑनलाईन वर्ग या साऱ्यांचा भार बहुतांशी आईच्या खांद्यावर पडला. घरात एकच मोबाईल आणि शिकणारी मुले तीन, अशी स्थिती असलेली कुटुंबे आपल्याच धर्मग्रामांत होती. आणि सर्वांत मोठे दुःख म्हणजे, कित्येक मुलांचे आजी-आजोबा इस्पितळात गेले ते परत आलेच नाहीत. नातवंडांना त्यांचा शेवटचा निरोप घेता आला नाही.

पडद्यावरील मिस्सा आणि बालमन

त्या दिवसांत थेट प्रक्षेपित होणारी मिस्सा ही मोठी कृपा होती. आजारी व वृद्ध भाविकांसाठी ती आजही कृपा आहे. परंतु लहान मूल श्रद्धा कशी शिकते, हे समजून घेतल्यावाचून पुढचा प्रश्न सुटणार नाही. मूल आधी शब्दांनी शिकत नाही, ते अंगाने शिकते. पवित्र पाण्यात बोट बुडवणे, धूपाचा वास, मोठ्यांचे गुडघे टेकणे, शांतीचिन्हाच्या वेळी शेजारच्या काकूंनी हात जोडणे, गायनाचा एकत्र उठणारा सूर, यांतून त्याला कळते की येथे काही पवित्र घडत आहे. आपले संस्कारही तसेच आहेत. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, डोक्यावर ठेवलेला हात हे सारे स्पर्शाचे आहे. पडद्यावर यातले काहीच पोहोचत नाही. शिवाय ज्या पडद्यावर मिस्सा दिसते त्याच पडद्यावर कार्टूनही दिसते, आणि मुलाच्या दृष्टीने दोहोंत फरक करणारी गोष्ट म्हणजे फक्त आई-वडिलांची वागणूक. वडील खाटेवर लोळत, चहा पीत मिस्सा पाहत असतील, तर मूल त्यातून जे शिकायचे ते शिकते.

म्हणूनच उपासनाविषयक रोमन मंडळाचे तत्कालीन प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी २०२० च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रातून स्पष्ट केले होते की कोणतेही प्रक्षेपण हे प्रत्यक्ष सहभागाच्या तोडीचे होऊ शकत नाही, आणि परिस्थिती अनुकूल होताच भाविकांनी आनंदाने ख्रिस्तयागाकडे परतावे. मोठी माणसे परतली. परंतु लहान मुलांना मात्र परतावे लागले नाही, तर प्रथमच यावे लागले. ज्या बालकाने पहिली दोन-तीन वर्षे चर्च पाहिलेच नाही, ते तेथे रडले, धावले, कंटाळले तर त्यात नवल ते काय? अशा वेळी मागे वळून रागाने पाहणारी आपली नजर त्या तरुण आईला दारापर्यंत पोहोचवते, आणि कधी कधी ती पुढच्या रविवारी येतच नाही. पोप फ्रान्सिस सिस्टाइन चॅपलमध्ये बालकांना स्नानसंस्कार देताना, मूल भुकेने रडत असेल तर तेथेच निःसंकोचपणे स्तनपान करा, असे मातांना सांगत असत. जगप्रसिद्ध चित्रांच्या त्या मंदिरात बालकाचे रडणे चालते, तर आपल्या धर्मग्रामात ते का चालू नये?

ख्रिस्तसभा काय शिकवते

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ‘लुमेन जेंतियुम’ या दस्तऐवजात कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा असे संबोधले आणि आई-वडील हे मुलांसाठी श्रद्धेचे पहिले संदेशवाहक आहेत असे सांगितले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘फामिलियारिस कोन्सोर्तियो’ या दस्तऐवजात हाच विचार विस्ताराने मांडला. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या ‘आमोरिस लेतिसिया’ (प्रेमाचा आनंद) मध्ये मुलांच्या संगोपनावर एक संपूर्ण प्रकरण आहे. मूल कोठे आहे यावर सतत पाळत ठेवण्यापेक्षा, ते मनाने कोठे आहे, कशाकडे वाटचाल करीत आहे, हे जाणणे अधिक महत्त्वाचे, असा त्यातील एक मोलाचा विचार आहे. टाळेबंदीने हा विचार आपणास प्रत्यक्ष दाखवला. मूल चोवीस तास डोळ्यांसमोर होते, तरीही हातातील मोबाईलमध्ये ते आपल्यापासून दूर असू शकत होते. आणि आपणही त्याच्यापासून!

आता आपण काय करावे?

पहिली गोष्ट : रोज दहा मिनिटांची, ठरलेल्या वेळेची कौटुंबिक प्रार्थना. संपूर्ण जपमाळ झेपत नसेल तर लहान मुलांसोबत एकच दशक म्हणावे, सुबोध बायबलमधील एक छोटा प्रसंग वाचावा आणि प्रत्येकाने आज कशासाठी देवाचे आभार मानायचे ते सांगावे. मेणबत्ती लावण्याचे काम सर्वांत लहान मुलाने मोठ्यांच्या हाताला हात लावून करावे.

दुसरी : जेवणाच्या आणि प्रार्थनेच्या वेळी मोबाईल दूर ठेवावेत, आणि हा नियम प्रथम मोठ्यांनी पाळावा.

तिसरी : पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबांना वारंवार सांगितलेले तीन शब्द, म्हणजे ‘परवानगी आहे का?’, ‘आभारी आहे’ आणि ‘क्षमा कर’, आपल्या घरात ऐकू यावेत. टाळेबंदीत उगारलेला हात मुले विसरलेली नसतात. त्यांच्यापुढे नमून क्षमा मागणारा पिता त्यांच्या नजरेत लहान होत नाही.

चौथी : आजी-आजोबांशी तुटलेला धागा जोडावा. जुलैचा चौथा रविवार २०२१ पासून ख्रिस्तसभेत आजी-आजोबा व ज्येष्ठांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवसापुरते न थांबता, नातवंडाला क्रुसाची खूण शिकवण्याचा मान त्यांना द्यावा. जे महामारीत गेले त्यांची नावे घरात घ्यावीत. २ नोव्हेंबरला मुलांना कबरीवर न्यावे, फुले वाहू द्यावीत, रडू द्यावे. जे दुःख कधी बोलले गेले नाही ते मुलांच्या मनात भीती होऊन राहते.

पाचवी : ज्या घरात आई एकटी आहे, ज्या घराची मिळकत अजून सावरलेली नाही, तेथे आपल्या लघु ख्रिस्ती समूहाने जावे. केवळ प्रार्थनेसाठी नव्हे, तर दोन तास मूल सांभाळण्यासाठी, अभ्यास घेण्यासाठी. चर्चची दारे उघडली तरी काही घरांची दारे अजून बंदच आहेत.

संत लूक सांगतो की बाल येशू नाझरेथला आपल्या आई-वडिलांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने, शरीराने व कृपेने वाढत गेला (२:५१-५२). त्या वाढीची सुमारे तीस वर्षे शुभवर्तमानात चार ओळींतही मावतात, कारण ती घरात, कोणाच्या दृष्टीस न पडता घडली. आपल्या मुलांचीही वाढ अशीच, कोणाला न दिसणाऱ्या संध्याकाळींत होत असते. टाळेबंदीत त्या संध्याकाळी आपल्याला सक्तीने मिळाल्या होत्या. आता त्या स्वेच्छेने द्यावयाच्या आहेत. नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या प्रत्येक घराला त्यासाठी बळ देवो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.