धुरातली वीज

फोक्सवॅगन फॉर्म्युला वनमध्ये उतरणार, ही आवई वर्षानुवर्षं उठत होती. नव्या नियमांची चर्चा सुरू झाली की ऑडी किंवा पोर्शे या समूहातल्या एखाद्या कंपनीचं नाव निघायचं आणि काही महिन्यांत विरून जायचं. जुलै २०२१मध्ये ऑस्ट्रियात इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांची बैठक झाली. तिथे ऑडी आणि पोर्शेचे प्रमुख येऊन बसले, तेव्हा या आवईत काहीतरी तथ्य असावं असं वाटू लागलं. पुढच्या मे महिन्यात समूहाचे तेव्हाचे प्रमुख हर्बर्ट डीस यांनी दोन्ही कंपन्यांचा बेत उघड बोलून दाखवला. १६ ऑगस्ट २०२२ रोजी २०२६च्या इंजिनांचे नियम मंजूर झाले आणि २६ ऑगस्टला बेल्जियममधल्या स्पा इथे ऑडीने आपला प्रवेश जाहीर केला.

मधे फक्त दहा दिवस गेले. ऑडी कशाची वाट पाहत होती, हे त्या नियमांतून काय वगळलं गेलं यावरून कळतं. वगळलं गेलं ते एक यंत्र. आकाराने लहान, पण माझ्या मते मोटारीच्या इंजिनाला जोडलेल्या आजवरच्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक.

टर्बो इंजिनाची गाडी घाटात चालवणाऱ्याला एक अनुभव नक्की येतो. वळणावर वेग कमी होतो, पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला तर क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम उसळते. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगनच्या टर्बो गाड्यांतही हे थोडंफार जाणवतं. टर्बोचार्जर म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन चाकं. एक धुराच्या झोताने फिरतं, तर दुसरं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. पुरेसा धूर आल्याशिवाय दांडा वेग घेत नाही. त्या क्षणभराच्या रेंगाळण्याला ‘टर्बो लॅग’ म्हणतात.

२०१४मध्ये फॉर्म्युला वनने १.६ लिटरचं सहा सिलिंडरांचं टर्बो इंजिन स्वीकारलं आणि टर्बोच्या दांड्याला एक विजेचं यंत्र जोडायला परवानगी दिली. त्याचं नाव एमजीयू-एच. पेट्रोल जळून निघणाऱ्या ऊर्जेतला साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर उष्णता होऊन हवेत जातो. हे यंत्र त्या वाया जाणाऱ्या ऊर्जेतून वीज काढायचं. शिवाय ते उलटंही चालायचं. धूर कमी पडला की तेच मोटर होऊन टर्बोला फिरतं ठेवायचं, त्यामुळे टर्बो लॅग जवळपास नाहीसा झाला. त्याने काढलेली वीज चाकांना जोडलेल्या मोटरकडे थेट पाठवायला नियमांत मर्यादा नव्हती. २०१७मध्ये मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन इंजिनाने चाचणीच्या बाकावर ५० टक्क्यांहून अधिक औष्णिक कार्यक्षमता गाठली, म्हणजे इंधनातल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून जास्त कामी आली. रस्त्यावरची चांगली पेट्रोल इंजिनं ४० टक्क्यांच्या आसपास पोचतात, तेही अनुकूल स्थितीत.

पण हे यंत्र बनवणं अतिशय अवघड होतं. घरातला मिक्सर मिनिटाला वीसेक हजार फेरे घेतो. एमजीयू-एचला सव्वा लाखापर्यंत मुभा होती आणि तेही रसरशीत तापलेल्या धुराच्या शेजारी. होंडाने ही झळ सोसली. २०१५मध्ये ती मॅक्लारेनबरोबर परतली. जागा वाचवण्यासाठी तिने टर्बो फार लहान ठेवला होता, त्यामुळे लांब सरळ पट्ट्यांवर वीज अपुरी पडायची. २०१७मध्ये आराखडा बदलला, तर बेअरिंगं निकामी होऊ लागली. त्याच वर्षाअखेर ही सोबत तुटली. शेवटी होंडाने आपल्याच विमान-इंजिन विभागाची मदत घेतली, कारण इतक्या वेगात फिरणारे दांडे सांभाळणं हे त्यांचं रोजचं काम होतं. २०१९मध्ये ऑस्ट्रियात होंडाचं इंजिन पुन्हा जिंकलं आणि २०२१मध्ये मॅक्स व्हर्स्टॅपेन त्याच इंजिनावर जगज्जेता झाला.

हे सगळं पाहिलेली कंपनी तशाच खाईत कशाला उडी घेईल? मर्सिडीज, फेरारी, रेनॉ आणि होंडा यांच्या हाती अनेक वर्षांचा अनुभव होता. मग नियमच बदलले. एमजीयू-एच गेलं. चाकांशी जोडलेल्या मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून ३५० किलोवॅटवर गेली, पेट्रोल इंजिनाचा वाटा ४०० किलोवॅटच्या आसपास उतरला आणि इंधन पूर्णपणे शाश्वत स्रोतांतून यावं असं ठरलं. विजेचा वाटा वाढला म्हणून मधल्या काळात बाहेर पडायचं ठरवलेल्या होंडानेही परतायचं ठरवलं, या खेपेला ॲस्टन मार्टिनबरोबर. फोर्ड रेड बुल संघाच्या जोडीला आली. ऑडीने स्वित्झर्लंडचा सॉबर संघ विकत घेतला आणि जर्मनीत नॉयबुर्ग इथे इंजिन बांधायला घेतलं.

नव्या नियमांचं गणित मात्र वेगळंच कोडं घालतं. बॅटरीतून एका वेळी साधारण चार मेगाज्यूल वीज वापरता येते. ३५० किलोवॅटने ती खर्च केली तर अकरा-बारा सेकंदांत संपते. एका फेरीला सव्वा-दीड मिनिट लागतं. उरलेली वीज ब्रेक लावताना मिळवायची, नाहीतर सरळ पट्ट्यावरही इंजिनाचा जोर थोडा वळवून जनित्र फिरवायचं. पूर्वी धूर हे काम फुकटात करत होता. ड्रायव्हरला आता वेग आणि वीज यांचा हिशेब सतत करावा लागतो आणि टर्बो लॅगही परतला आहे. शर्यत सुरू होण्याआधी टर्बोला वेग देण्यासाठी इंजिन आधीच घुमवून ठेवावं लागतं.

नवे स्पर्धक आले याचा आनंद आहेच. दोन-तीनच कंपन्या उरल्या तर खेळ मरतो. तरी एमजीयू-एच गेल्याची मला मनापासून हळहळ वाटते. ते महाग होतं, हे मान्य. पण रस्त्यावरच्या गाडीला त्याचा काहीच उपयोग नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही आणि त्याचं उत्तर पोर्शेनेच दिलं आहे. सप्टेंबर २०२२मध्ये पोर्शे आणि रेड बुल यांची बोलणी फिसकटली आणि ती कंपनी फॉर्म्युला वनमध्ये आलीच नाही. त्याआधी २०१५ ते २०१७ सलग तीन वर्षं ल मांची शर्यत जिंकणाऱ्या तिच्या ९१९ हायब्रिडमध्ये धुरातून वीज काढणारी टर्बाइन होतीच. २०२४मध्ये पोर्शेने ९११ कॅरेरा जीटीएस रस्त्यावर आणली. तिच्या टर्बोच्या दांड्यावर, दोन चाकांच्या मधोमध, विजेची मोटर बसवलेली आहे. धूर कमी असेल तेव्हा ती टर्बोला फिरवते आणि जास्त असेल तेव्हा त्याच धुरातून अकरा किलोवॅटपर्यंत वीज काढते.