माहिती पुरेशी आहे का?

गणितात बहुधा उत्तर काढायला सांगतात. पण काही प्रश्नांत उत्तर विचारलेलेच नसते! दिलेल्या माहितीवरून उत्तर निश्चित सांगता येईल की नाही, एवढेच ठरवायचे असते. स्पर्धा परीक्षांत असे प्रश्न ‘माहितीची पर्याप्तता’ या नावाने येतात. मूळ संख्यांवरचे असे प्रश्न मोठे गमतीचे असतात. १ पेक्षा मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती संख्या यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील, गणपतीपुळ्याजवळचे मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव. तेथे त्यांचे स्मारक आहे. समजा, सहलीला नेलेल्या मुलांना गुरुजींनी विचारले, “केशवसुतांचे जन्मवर्ष ही मूळ संख्या आहे का?” आणि दोन विधाने दिली :

(१) ते वर्ष सम आहे.
(२) ते १८६१ नंतरचे व १८६७ पूर्वीचे आहे.

पहिले विधान पाहू. सम मूळ संख्या एकच, ती म्हणजे २. म्हणून उत्तर ‘नाही’. वर्ष कोणते हे न कळताच प्रश्न सुटला! ठाम ‘नाही’ हेही पूर्ण उत्तरच असते, हे पुष्कळजण विसरतात.

आता पहिले विधान झाकून ठेवा व फक्त दुसरे पाहा. १८६२, १८६४, १८६६ सम आहेत. १८६३ ला ३ ने आणि १८६५ ला ५ ने भाग जातो. पुन्हा ‘नाही’. म्हणजे प्रत्येक विधान एकटेच पुरेसे आहे. (जन्मवर्ष आहे १८६६.) पण दुसऱ्या विधानात १८६१ आणि १८६७ ही वर्षेही धरली असती, तर ते पुरले नसते, कारण त्या दोन्ही मूळ संख्या आहेत.

आता आंब्याच्या बागेत जाऊ. एका बागायतदाराच्या दोन बागा आहेत. प्रत्येक बागेतील कलमांची संख्या मूळ आहे. मोठ्या बागेत कलमे किती?

एकूण कलमे ४५ असतील, तर एवढी माहिती पुरे. बेरीज विषम, म्हणजे एक संख्या सम, म्हणजेच २. दुसरी ४३. (दोन कलमांची बाग कसली, परसच म्हणायचे!)

पण एकूण कलमे ३६ असतील तर? ५ + ३१, ७ + २९, १३ + २३, १७ + १९ अशा चार जोड्या निघतात. माहिती अपुरी. आता ‘दोन्ही संख्यांच्या गुणाकारात एकक स्थानी ९ आहे’ असे सांगितले, तर? हे विधान एकटे पुरत नाही; ३ × १३ = ३९ हेही त्यात बसते. पण दोन्ही विधाने एकत्र घेतली, की फक्त १३ व २३ उरतात. मोठ्या बागेत २३ कलमे.

मात्र दोन विधाने एकत्र आली, की ती पुरतातच असे नाही. ‘संख्या विषम आहे’ आणि ‘तिला ६ ने भागल्यास बाकी १ किंवा ५ उरते’ ही विधाने घ्या. ७ आणि २५ दोन्ही संख्यांना ती लागू पडतात. ७ मूळ आहे, २५ नाही. दुसऱ्या विधानात पहिले आधीच दडलेले असल्यामुळे नवे काही कळलेच नाही.

थोर गणितज्ञांनाही हाच प्रश्न भेडसावतो. २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असा गोल्डबाख यांचा तर्क. १७४२ साली त्यांच्या ऑयलर यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून तो पुढे आला. संगणकाने अब्जावधी उदाहरणे तपासली. एकही चुकले नाही. तरी तर्क सिद्ध झालेला नाही. उदाहरणे कितीही असोत, ‘प्रत्येक’ म्हणायला ती पुरत नाहीत!

आता तुम्ही सोडवा : प ही मूळ संख्या आहे. प किती? (१) प + २ आणि प + ४ याही मूळ आहेत. (२) प ही १० पेक्षा लहान आहे. कोणते विधान पुरेसे, आणि का? ३ ने भागून पाहा.