ठिगळाची विद्या

पावसाने फुगलेल्या दाराच्या कडेला मेणबत्ती घासावी, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारावी, गळक्या बादलीला डांबर लावावे. सुतार-तांबट येईपर्यंत प्रपंच थांबत नाही, हेच या युक्त्यांचे शास्त्र.

संगणकाच्या जगातही हीच विद्या चालते. हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली सुरू झालेल्या मार्क-वन यंत्राला आज्ञा मिळत त्या छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून. चुकीच्या छिद्रावर कागदाचा तुकडा चिकटवीत. ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, हा शब्द आजच्या दुरुस्त्यांनाही लावतात. पुढे जागेच्या काटकसरीने वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहू लागले. २००० साल जवळ येताच ‘००’ म्हणजे १९०० ठरण्याचे भय उभे राहिले. साऱ्या नोंदी नव्याने लिहिण्याऐवजी कित्येक ठिकाणी एक ठराविक सीमा आखली: उदाहरणार्थ, ०० ते ४९ हे अंक नव्या शतकाचे, ५० ते ९९ जुन्याचे. काम भागले, पण २०५० साल उजाडताच तो नियम खोटा ठरेल.

ठिगळ लावण्यात कमीपणा नाही. मात्र ते कोठे लावले आहे, हे मागे राहणाऱ्यांस सांगून ठेवावे. डांबराची गोष्ट ठाऊक नसलेल्या सुनेने तीच बादली पाणी तापविण्यास शेगडीवर ठेवली, तर दोष सुनेचा कसा?